काठावर उभी असलेली आकृती

भयपटांवरील लेखात आम्ही जॉन कार्पेंटर यांच्या १९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ या चित्रपटाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांची संख्या पाहून या वेळचे सदर त्याच एका चित्रपटाला द्यावे, असे ठरवले. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे : अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हॅडनफिल्ड या काल्पनिक गावात १९६३ सालच्या हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, रात्री मायकल मायर्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा आपल्या मोठ्या बहिणीला भोसकून ठार मारतो. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळून त्याच गावात परततो. लॉरी स्ट्रोड ही शाळकरी तरुणी आणि तिची मैत्रीण ॲनी त्या संध्याकाळी शेजाऱ्यांची मुले सांभाळत असतात, आणि डॉ. लूमिस हे मायकलचे मनोविकारतज्ज्ञ त्याला शोधत फिरत असतात. कथा एवढीच आहे.

प्रश्न : हा चित्रपट मी नुकताच माझ्या मुलांबरोबर पाहिला. मुलांना तो संथ वाटला आणि ‘यात रक्त कुठे आहे?’ असे त्यांनी दोनदा विचारले. मला मात्र त्या रात्री घरातले दिवे मालवताना प्रत्येक दाराकडे वळून पाहावेसे वाटले. इतक्या साध्या चित्रपटाची पकड चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही का सुटत नाही?

उत्तर : आपल्या मुलांचे निरीक्षण अचूक आहे, त्यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा आम्हांला मान्य नाही. एक्क्याण्णव मिनिटांच्या या चित्रपटात पहिला खून पहिल्या काही मिनिटांतच उरकतो आणि त्यानंतर सुमारे पाऊण तास आपल्या डोळ्यांदेखत कोणीही मरत नाही. मध्ये झुडपांत पडलेले एक प्रेत आपल्याला दिसते आणि शेजारीच उभ्या असलेल्या डॉक्टरांना ते दिसत नाही, एवढाच काय तो अपवाद. या पाऊण तासात दिग्दर्शक प्रेक्षकाला पाहायला शिकवत असतो, आणि हे शिक्षण चालू आहे याची त्याला कल्पनाही येऊ देत नाही.

लॉरी वर्गात बसलेली असते, बाई नियतीविषयी शिकवत असतात, आणि खिडकीबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, मोटारीपाशी कोणीतरी उभे असते. ती पुन्हा पाहते तेव्हा तिथे कोणी नसते. मैत्रिणीबरोबर घरी परतताना कुंपणाच्या झुडपाआडून ती आकृती क्षणभर बाहेर येते. मैत्रीण तावातावाने जाऊन पाहते, तर मागे मोकळी जागा. मग खोलीच्या खिडकीतून, शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये. हे सगळे लख्ख दिवसाउजेडी, हिरवळ आणि पदपथ असलेल्या अतिशय सभ्य वस्तीत घडते. लॉरीला वाटते की आपल्याला भास होत आहेत. आपण मात्र तो नक्की पाहिलेला असतो. या क्षणापासून प्रेक्षकाची नजर पात्रांच्या चेहऱ्यांवरून ढळते आणि चौकटीच्या कडा, दारांच्या फटी, सोफ्यामागची जागा, खिडकीबाहेरचा काळोख धुंडाळू लागते. लॉरी दोन मुलांची राखण करत असते आणि आपण लॉरीची.

रात्र पडते तेव्हा या सवयीची वसुली सुरू होते. छायालेखक डीन कंडी यांनी हा चित्रपट अतिरुंद पडद्यासाठी टिपलेला आहे, म्हणजे उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक रुंदीची चौकट. एवढ्या चौकटीत लॉरी एका बाजूला उभी राहिली की दुसरी बाजू रिकामी राहते, आणि रिकामी जागा दिसली की आपले मन ती भरू पाहते. मैत्रिणीचे प्रेत पाहून हबकलेली लॉरी भिंतीला टेकून रडते, तिच्या बाजूला एक काळे दार असते, आणि त्या अंधारातून पांढरा मुखवटा अगदी सावकाश उजळत बाहेर येतो. तेथे कोणी उडी मारत नाही की दार आपटत नाही. काळोखाची एक छटा कमी होते इतकेच. आणखी थोड्या वेळाने, संकट टळले असे समजून लॉरी आपल्याकडे तोंड करून दाराशी बसलेली असते आणि तिच्या मागे, अस्पष्ट पार्श्वभागात, मेला असे वाटलेला तो माणूस ताठ उठून बसतो आणि मान तिच्या दिशेने वळवतो. पुढे स्पष्ट दिसणारी मुलगी आणि मागे धूसर दिसणारे मरण एकाच चौकटीत, मध्ये कात्री न लावता.

आता आपल्या मुलांच्या रक्ताविषयीच्या प्रश्नाकडे येऊ. रक्त पाहून जो धक्का बसतो, तो दुसऱ्या वेळी निम्मा होतो, कारण काय दिसणार हे डोळ्यांना ठाऊक झालेले असते. शोधण्याची भीती तशी विटत नाही. तो कुठे उभा आहे हे पाठ असले तरी आपण पुन्हा शोधतोच, आणि पुढच्या खेपेला पूर्वी न पाहिलेली एखादी जागा सापडते. चित्रपट संपल्यावर ही सवय प्रेक्षक घरी घेऊन जातो. दिवे मालवताना आपण दारांकडे पाहिलेत, ते त्यामुळेच.

प्रश्न : पैसा नव्हता म्हणूनच हा चित्रपट चांगला झाला, असे वारंवार वाचनात येते. हे कितपत खरे मानावे?

उत्तर : आम्हांला हे विधान अर्धवट वाटते. तेवढ्याच किंवा त्याहूनही कमी पैशांत निघालेले कितीतरी भयपट त्या दशकात आले आणि कोणाच्या स्मरणातही उरले नाहीत. नुसत्या चणचणीतून कला निपजत असती तर ते सगळे आज अभिजात ठरले असते.

खर्चाचा अंदाज तीन ते सव्वातीन लाख डॉलर असा सांगितला जातो. पैसा मुस्तफा अक्काद यांनी उभा केला, मूळ कल्पना, म्हणजे मुले सांभाळणाऱ्या मुलींच्या मागे लागलेला खुनी, अर्विन याब्लान्स यांची, आणि पटकथा कार्पेंटर व निर्मात्या डेब्रा हिल यांनी मिळून लिहिली. १९७८ च्या वसंतात, अवघ्या चार आठवड्यांच्या आसपास, कॅलिफोर्नियातील साउथ पॅसाडीना आणि हॉलिवुडच्या परिसरात चित्रीकरण झाले. कथा ऑक्टोबर अखेरीची, म्हणजे पानगळीची. प्रत्यक्षात झाडे हिरवीगार. म्हणून कागदी पाने रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य झाले की गोळा करून पिशव्यांत भरायची आणि पुढच्या जागी पुन्हा पसरायची, हा उद्योग मंडळींनी महिनाभर केला. बारकाईने पाहिल्यास मागे ताडासारखी झाडे दिसतात, जी इलिनॉयमध्ये असण्याचे काही कारण नाही. लॉरीचे कपडे साध्या दुकानातून शंभर डॉलरच्या आत घेतलेले होते, तिची भूमिका करणाऱ्या जेमी ली कर्टिस यांचा हा पहिलाच चित्रपट होता आणि त्यांना आठ हजार डॉलर मिळाले. मुखवट्याखाली बहुतांश वेळ चालणारे निक कॅसल हे दिग्दर्शकाचे महाविद्यालयातले मित्र. त्यांना दिवसाला पंचवीस डॉलर मिळत.

मुखवट्याची गोष्ट तर आता दंतकथेसारखी सांगितली जाते. कलादिग्दर्शन आणि संकलन दोन्ही पाहणाऱ्या टॉमी ली वॉलेस यांनी दोन डॉलरच्याही आत एक रबरी मुखवटा विकत आणला. तो ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील कॅप्टन कर्कचा, म्हणजे अभिनेते विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्यावरून घडवलेला होता. त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली आणि सगळ्यावर पांढरा रंग मारला. माणसाच्या चेहऱ्यातून माणूस वजा केल्यावर जे उरते ते पडद्यावर दिसते. विदूषकाचा मुखवटा घ्यावा असाही पर्याय समोर होता. त्याला भाव असता, आणि म्हणूनच तो फसला असता, असे आम्हांला वाटते.

पण याच मंडळींनी काटकसर कोठे केली नाही, तेही पाहिले पाहिजे. पॅनाव्हिजनची रुंद भिंगे स्वस्त नव्हती. ‘पॅनाग्लाइड’ हे अंगावर बांधून हिसक्यांशिवाय कॅमेरा फिरवता येणारे उपकरण तेव्हा अगदी नवे होते, आणि सुरुवातीचे सुमारे चार मिनिटांचे सलग भासणारे दृश्य त्याच्याच जोरावर उभे आहे. आपण एका घराला बाहेरून वळसा घालतो, स्वयंपाकघरातून शिरतो, ओट्यापाशी सुरी उचलतो, जिना चढतो, मुखवटा चढवतो आणि मग भोकांतून जेवढे दिसेल तेवढेच पाहतो. नंतर कॅमेरा बाहेरून दाखवतो तेव्हा हे डोळे एका लहान मुलाचे होते, हे कळते. त्या दृश्यातला हात निर्मात्या डेब्रा हिल यांचा आहे. आणि ते घर चित्रीकरणाच्या बहुतेक काळात पडीक अवस्थेतच हवे असल्यामुळे, पंधरा वर्षांपूर्वीचे नांदते घर दाखवण्यासाठी शेवटी सगळ्यांनी मिळून ते रंगवून सजवले, असे हे चित्रपटातले पहिले दृश्य सर्वांत शेवटी टिपले गेले. डॉ. लूमिसच्या भूमिकेसाठी डोनाल्ड प्लेझन्स यांच्या अवघ्या पाच दिवसांना वीस हजार डॉलर दिले. खुद्द कार्पेंटर यांनी लेखन, दिग्दर्शन आणि संगीत मिळून दहा हजार डॉलर आणि नफ्यात वाटा एवढेच घेतले होते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

म्हणजे कपडे, पाने, मुखवटा यांत हात आखडता घेतला आणि चौकट, कॅमेरा व प्लेझन्स यांच्या बाबतीत नाही. पैसा कमी असताना तो नेमका कशावर घालवायचा हे ज्याला कळते, त्याच्या बाबतीतच ते प्रसिद्ध विधान खरे ठरते. चित्रपटाने पुढे जगभरात सुमारे सात कोटी डॉलर मिळवले.

प्रश्न : पार्श्वसंगीत अगदी साधे आहे, तरी ऐकताना बेचैनी वाढत जाते. त्यात काही विशेष युक्ती आहे का?

उत्तर : आहे, आणि ताल मोजण्याची सवय असलेल्याला ती चटकन सापडेल. मुख्य धून पाच ठोक्यांच्या आवर्तनात आहे. दुप्पट लयीत मोजल्यास दहा मात्रा होतात, म्हणजे झपतालाएवढ्याच. मात्र खंड दोन-तीन-दोन-तीन असे न पडता तीन-तीन-दोन-दोन असे पडतात. पहिल्या दोन खंडांत कान तीनच्या चालीला सरावतो आणि लगेच पुढच्या दोन खंडांत पायाखालची पायरी आखूड होते. पुन्हा आवर्तन, पुन्हा तीच ठेच. विसाव्याची सम अशी सापडतच नाही आणि पियानोचा तोच ठेका न थकता चालू राहतो, पाठलाग करणाऱ्या माणसाच्या चालीसारखी. तो माणूस संबंध चित्रपटात धावत नाही, हेही येथे आठवावे.

कार्पेंटर यांचे वडील संगीताचे प्राध्यापक होते. पाच ठोक्यांचा हा ताल त्यांनी मुलाला लहानपणी बोंगोवर शिकवला होता. वाद्यवृंदाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून मुलाने सिंथेसायझर आणि पियानोवर तीन दिवसांत सगळे संगीत उरकले आणि श्रेयनामावलीत आपल्या गावाच्या नावाने एक ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा’ थाटून दिला, जो अस्तित्वातच नव्हता. कार्पेंटर यांनीच सांगितलेली आठवण अशी की, संगीत चढवण्यापूर्वी त्यांनी हा चित्रपट एका स्टुडिओतील अधिकारी महिलेला दाखवला आणि त्यांना तो मुळीच भीतिदायक वाटला नाही.

प्रश्न : हा चित्रपट खऱ्या घटनेवर आधारलेला आहे का?

उत्तर : नाही. महाविद्यालयात असताना केंटकीतील एका मनोरुग्णालयाला भेट दिली असता तेथील एका मुलाच्या नजरेने आपण हादरलो होतो, असे कार्पेंटर यांनी सांगितले आहे, आणि मायकलच्या काळ्या, रिकाम्या डोळ्यांविषयीचे डॉ. लूमिस यांचे बोलणे त्या आठवणीतून आले. त्यापलीकडे सगळे कल्पित आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. या प्रकारच्या चित्रपटांत मौजमजा करणाऱ्या मुली मारल्या जातात आणि ‘चांगल्या’ वळणाची मुलगी वाचते, हे मला खटकते. आपण कौतुक करताना याकडे डोळेझाक करता का?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि या प्रकारच्या पुढील बहुसंख्य चित्रपटांना तो तंतोतंत लागू पडतो. १९८० सालच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’पासून जी लाट आली, तिने येथून नेमके हेच उचलले : तरुण मुले, एकांत, सुरी. नजर मात्र मागेच राहिली. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी पुढे या लाटेवर कडाडून टीका केली. ‘हॅलोवीन’ला मात्र त्यांनी पूर्ण चार तारे दिले होते आणि हिचकॉक यांच्या ‘सायको’शी त्याची तुलना केली होती. उलट पॉलीन केल यांच्यासारख्या नामवंत समीक्षिकेला तो आवडला नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

मुलींच्या वागणुकीची शिक्षा देण्याचा हेतू नव्हता, असे कार्पेंटर यांनी वेळोवेळी म्हटले आहे. दिग्दर्शकाच्या हेतूवर आम्ही फारसे विसंबत नाही. पण चित्रपट पाहूनही तसेच वाटते. ॲनी आणि दुसरी मैत्रीण लिंडा मरतात त्या बेसावध असतात म्हणून. त्यांचे लक्ष फोनवर, मित्रावर, आपल्याच नादात असते. लॉरी एकटी आहे, थोडी कंटाळलेली आहे आणि म्हणून खिडकीबाहेर पाहते. या चित्रपटात पाहणारा वाचतो. शिवाय तिघी मैत्रिणींची थट्टामस्करी, चिडवाचिडवी, शाळेतून घरी जातानाचा तो रेंगाळलेपणा यांत जो जिवंतपणा आहे, त्यातला बराचसा डेब्रा हिल यांचा. मुलींचे संवाद प्रामुख्याने त्यांनी लिहिले. त्या मुली केवळ बळी म्हणून आणलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचे मरण जिव्हारी लागते.

अखेरपर्यंत टिकणाऱ्या या नायिकेला ‘फायनल गर्ल’ हे नाव अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये दिले. प्रेक्षक, मग तो पुरुष का असेना, शेवटी सुरीच्या बाजूने न राहता तिच्या बाजूने उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे आहे. लॉरी विणकामाची सुई, कपड्यांचा हँगर, जे हाताला लागेल ते घेऊन लढते. मात्र एक प्रसंग आम्हांला या सगळ्या चर्चेपेक्षा अधिक बोलका वाटतो. ती जिवाच्या आकांताने शेजाऱ्यांचे दार ठोठावते, बाहेरचा दिवा लागतो, आतून कोणीतरी पाहते आणि दिवा पुन्हा मालवला जातो. चित्रपटाला नैतिक आरोप करायचाच असेल तर तो त्या बंद दाराआडच्या माणसावर आहे.

प्रश्न : कोणती आवृत्ती पाहावी?

उत्तर : मूळ रुंद चौकटीतली, एवढी एकच अट. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचांसाठी चित्राच्या दोन्ही कडा छाटून काढत असत. या चित्रपटात खुनी कडेलाच उभा असतो, त्यामुळे त्या प्रती पाहणाऱ्यांनी अर्धा चित्रपट पाहिलाच नाही असे म्हणता येईल. १९८१ मध्ये दूरचित्रवाणीसाठी काही जादा प्रसंग चित्रित करून जोडले गेले होते. ते पाहिले नाहीत तरी काही बिघडत नाही. आणि कृपया भ्रमणध्वनीवर पाहू नये.

प्रश्न : मायकल हे सगळे का करतो, ते शेवटपर्यंत कळले नाही. शेवटही मला अपुरा वाटला. पुढच्या भागांत उत्तर मिळते काय?

उत्तर : मिळते, आणि तेच त्यांचे दुर्दैव आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी ही मायकलची बहीण असल्याचे उघड होते. तो भाग कार्पेंटर आणि हिल यांनीच लिहिला होता, आणि या नात्याबद्दल कार्पेंटर यांनी नंतर नाराजीही व्यक्त केली. २००७ च्या नव्या आवृत्तीत रॉब झॉम्बी यांनी मायकलचे बालपण, घरातली हेळसांड, सगळे तपशिलाने मांडले. २०१८ च्या चित्रपटाने बहिणीचे नाते चक्क पुसून टाकले. असे करत २०२२ पर्यंत मूळ चित्रपटासह एकूण तेरा चित्रपट झाले. कारण सापडले की मायकल आपल्या ओळखीचा, अभ्यासता येण्याजोगा रोगी होतो. बहिणीलाच मारायला आला असेल तर ज्यांची ती बहीण नाही त्यांनी निर्धास्त झोपायला हरकत नाही.

मूळ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत निक कॅसल यांच्या नावासमोर मायकलचे नाव नाही. तेथे फक्त ‘द शेप’, म्हणजे आकृती, असे लिहिले आहे. त्याला बोलणे नाही, त्रागा नाही. एका तरुणाला त्याने सुरीने भिंतीला खिळवल्यावर तो मान एका बाजूला कलती करून, मग दुसऱ्या बाजूला कलती करून, बराच वेळ पाहत राहतो. त्या पाहण्यात क्रौर्यापेक्षा कुतूहल जास्त आहे, आणि ते कशाचे आहे हे आपल्याला कोणी सांगत नाही.

शेवटाबद्दल आपले म्हणणे खरे आहे; तो अपुराच आहे. डॉ. लूमिस त्याला गोळ्या घालतात, तो सज्जातून खाली हिरवळीवर पडतो, डॉक्टर वाकून पाहतात आणि हिरवळ रिकामी असते. प्लेझन्स यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी आश्चर्य दिसत नाही, हे ठाऊकच होते असा भाव दिसतो. त्यानंतर कॅमेरा एकामागून एक रिकाम्या जागा दाखवतो : जिना, बैठकीची खोली, बाहेरून दिसणारी अंधारी घरे, अखेर मायकलचे जुने घर. कुठेही माणूस नाही. प्रत्येक जागेवर फक्त मुखवट्याआडून येणारा श्वास ऐकू येत राहतो. नव्वद मिनिटे आपण याच जागांच्या कडा धुंडाळत आलेलो असतो, त्यामुळे आताही धुंडाळतो.